इंजिन बंद, दाब चालू

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर मोठ्या स्लॅबचं काँक्रीट शक्यतो रात्री टाकतात. दिवसा कापूरबावडी ते गायमुख या पट्ट्यात मिक्सर अडकला, तर ड्रममधला माल साइटवर पोचेपर्यंत बसायला लागतो. म्हणून वाघबीळ असो की ओवळे, अंधार पडला की अर्धवट टॉवरच्या पायथ्याशी बूम प्लेसर, म्हणजे ट्रकवरचा लांब हाताचा काँक्रीट पंप, पाय रोवून उभा राहतो. मिक्सर उलटे येऊन त्याच्या हॉपरला लागतात आणि वरच्या मजल्यावरून वॉकीटॉकीवर कोणीतरी सारखं ‘चलने दो’ म्हणून ओरडत असतं.

मग कधीतरी लाइन जाम होते. मोठा दगड आला असेल, माल कोरडा असेल, नाहीतर मिक्सर मानपाड्याच्या सिग्नलला तासभर रखडला असेल. पंप धडपडतो आणि थांबतो. ऑपरेटर इंजिन बंद करतो. हेल्पर हॉपरवर चढतो, जाळी उचलतो आणि सळई घेऊन, कधी नुसत्या हाताने, आतला गोळा मोकळा करायला वाकतो. इंजिन बंद आहे, म्हणजे आता काही हलणार नाही, असं तो धरून चालतो. सगळेच तसं धरून चालतात.

हॉपरच्या आत इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला एक जाड पोलादी पाइप असतो. पंपाचे दोन पिस्टन आळीपाळीने माल ढकलतात आणि जो पिस्टन ढकलत असेल त्याच्या तोंडाशी हा पाइप झटकन सरकतो. हा झटका सेकंदाच्या अंशात बसावा लागतो. तेवढ्या क्षणापुरतं लागणारं तेल पंप एकदम देऊ शकत नाही, म्हणून यंत्राच्या बाजूला एक जाड पोलादी बाटली बसवलेली असते. तिचं नाव अ‍ॅक्युम्युलेटर. तिच्यात तेल नायट्रोजनच्या दाबाखाली कोंडून ठेवलेलं असतं. झटका हवा असला की बाटली ते सोडते. इंजिन थांबलं म्हणून बाटली रिकामी होत नाही. कोणाचा हात लिव्हरला लागला, किंवा अडकलेला दगड सुटला, की एस-पाइप आणखी एकदा सरकू शकतो. मनगट जायला तेवढं पुरतं.

यंत्र बनवणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक आहे. काँक्रीट पंपांतलं एक मोठं नाव असलेल्या पुट्झमायस्टर कंपनीचा भारतातला कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे. तिची मालक झालेली चिनी कंपनी सॅनी आपल्या चाकणमध्ये यंत्रं बनवते. या धंद्यातल्या कुठल्याही चांगल्या कंपनीचं पुस्तक उघडा, हॉपरला हात लावण्याआधी बाटलीतल्या तेलाचा दाब उतरवा आणि गेजची सुई शून्यावर आलेली डोळ्यांनी बघा, असं त्यात ठळक छापलेलं असतं. अनेक यंत्रांत इंजिन बंद होताच हा दाब आपोआप उतरवणारा व्हॉल्व्ह असतो. पण तो व्हॉल्व्हही यंत्राचाच भाग आहे आणि कचऱ्याने तोही अडकतो. म्हणून व्हॉल्व्ह असला तरी गेज बघणं सुटत नाही.

दाब असा कोंडून ठेवायची कल्पना जुनी आहे. विल्यम आर्मस्ट्राँग नावाच्या इंग्रज माणसाने १८५० च्या आसपास बंदरातल्या क्रेन आणि दरवाजे पाण्याच्या दाबावर चालवायला सुरुवात केली, तेव्हा दाबासाठी त्याला उंच टाकी लागायची. ग्रिम्सबी बंदरातला असा मनोरा १८५२ मध्ये पूर्ण झाला. तो चौऱ्याण्णव मीटर उंच आहे आणि आजही उभा आहे. इंग्लंडमधल्याच न्यू हॉलंडला जमीन इतका भार पेलणारी नव्हती, तेव्हा आर्मस्ट्राँगने मनोऱ्याऐवजी उभ्या सिलिंडरवर दगडमातीचं अवजड ओझं ठेवलं आणि त्या ओझ्याने पाणी दाबलं. पुढे ओझ्याची जागा वायूने घेतली. विसाव्या शतकात फ्रेंच अभियंता जाँ मर्सिए याने पोलादी कवचात रबरी फुगा बसवला. फुग्यात वायू, फुग्याबाहेर तेल. घोडबंदरच्या बूम प्लेसरवर आणि पोकलेनवर आज जे आहे ते याच घराण्यातलं. लहान बाटल्यांत फुग्याऐवजी रबराचा पडदा असतो, काहींत पिस्टन.

तेल दबत नाही, वायू दबतो. सगळी किमया यात आहे आणि सगळा धोकाही. दहा लिटरच्या बाटलीत शंभर बारचा नायट्रोजन भरला, तर त्यात सुमारे एक लाख ऐंशी हजार ज्यूल ऊर्जा कोंडलेली असते. एक टनाची गाडी जमिनीवरून सहाव्या मजल्यावर नेऊन ठेवायला तेवढी ऊर्जा पुरेल. ही बाटली हेल्पर काखेत धरून नेतो.

येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना दुसरं यंत्र जास्त ओळखीचं असेल: पोकलेनला लावलेला ब्रेकर. इथे वरची माती थोडी, खाली काळा पाषाण. टॉवरच्या पार्किंगसाठी दोन-तीन तळघरं खणायची तर महिनोन्‌महिने तो खडक फोडावा लागतो, आणि आजूबाजूच्या सोसायट्या तो आवाज ऐकत दुपारची झोप विसरतात. हायड्रॉलिक ब्रेकर जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९६७ मध्ये बाजारात आणला. त्यात दोन ठिकाणी नायट्रोजन असतो. एक पिस्टनच्या मागे, डोक्यात. तो पिस्टनला खाली फेकायला मदत करतो. दुसरा बाजूच्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये. तो तेलाचे धक्के पचवतो. या दोन्ही जागांचे आकडे वेगळे असतात. काही मॉडेलांत डोक्यात दहा-पंधरा बार आणि बाजूला पन्नास-साठ. एकाचा आकडा दुसरीकडे भरणं ही सहज होणारी चूक आहे.

गॅस उतरला की ब्रेकर सांगतो, पण सगळ्यांना कळेल असं नाही. ठोका बोथट होतो. तेलाचे होज सापासारखे उड्या मारायला लागतात आणि त्यांची कपलिंग ढिली पडतात. मालक होज बदलतो. आठवड्याने तोच होज पुन्हा फुटतो, मालक होजवाल्याला शिव्या देतो, आणि पडदा फाटलेली बाटली तशीच चालू राहते. उलट डोक्यात गॅस जास्त भरला तर पिस्टन वर उचललाच जात नाही आणि ब्रेकर मुका होतो. ‘थोडा जास्त भर, जोर येईल’ हा सल्ला साइटवर फुकट मिळतो. त्याची किंमत नंतर कळते.

हे दुरुस्त करणारे लोक वागळे इस्टेटमध्ये सापडतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीची ही पहिली वसाहत. मोठे कारखाने बरेचसे गेले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, पण मधल्या गल्ल्यांमध्ये होज क्रिम्पिंग, सील किट, सिलिंडर होनिंग अशी कामं करणारे गाळे तग धरून आहेत. अशाच एका गाळ्यात पोकलेनच्या ब्रेकरचं काम चाललेलं पाहत बसलो होतो. ब्रेकर नुकताच साइटवरून उतरवलेला. हेल्पर पोराने गेज लावायला घेतलं, तसा मिस्त्रीने त्याला थांबवलं.

“हात लाव त्याला.”

“गरम आहे, दादा.”

“मग आत्ता काय बघतोस? चहा घेऊन ये.”

चहा हे निमित्त, पण कारण पक्कं होतं. बाटलीवर लिहिलेला आकडा वीस अंश तापमानाचा असतो. वायू तापला की त्याचा दाब वाढतो, आणि तो किती वाढेल हे केल्व्हिनच्या मापाने सरळ काढता येतं. वीस अंशाला साठ बार भरलेला नायट्रोजन साठ अंशाला अडुसष्ट दाखवतो. मे महिन्यात दिवसभर खडक फोडून आलेल्या ब्रेकरला साठ अंश काही जास्त नाहीत. घाईतला माणूस अडुसष्ट बघतो, जास्त भरलंय म्हणून आठ सोडून देतो आणि समाधानाने घरी जातो. बाटली थंड होऊन वीस अंशाला आली की तिच्यात उरतात बावन्न-त्रेपन्न. मग ती कमी दाखवते म्हणून दुसरा कोणीतरी भरतो, तेही भर दुपारी. ठाण्यात बाटली वीस अंशावर येणं तसं दुर्मीळच, तेव्हा शहाणा मिस्त्री दाबाशेजारी तापमानही लिहितो आणि हिशेब करतो.

वायू निवल्यावर जे काम झालं, ते दिसायला अगदी साधं होतं. आधी तेलाच्या बाजूचा दाब पूर्ण उतरवला आहे, याची खात्री. मग गॅस व्हॉल्व्हचं संरक्षक टोपण काढून त्यावर चार्जिंग किट बसवलं. या किटला गेज असतं, नायट्रोजन सिलिंडरकडे जाणारा होज लावायची जागा असते, बाजूला एक छोटा ब्लीड व्हॉल्व्ह असतो आणि वर गॅस व्हॉल्व्ह उघडणारी फिरकी. ब्लीड बंद आहे हे बोटाने तपासून मग फिरकी हळू फिरवली. सुई चढली आणि थांबली. मिस्त्री पूर्ण वेळ बाजूला उभा होता, व्हॉल्व्हच्या तोंडासमोर एकदाही आला नाही. ही सवय त्याच्या अंगात इतकी भिनली होती की पोराने एकदा वाकून बघितलं, तेव्हा त्याने काही न बोलता त्याचा खांदा धरून त्याला मागे ओढलं.

दाब कमी निघाला. होज जोडला, सिलिंडरचा रेग्युलेटर लावला. भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो, म्हणून रेग्युलेटरशिवाय सिलिंडर थेट जोडणं म्हणजे जुगार आहे. व्हॉल्व्ह केसभर उघडला. घाईने भरलेला नायट्रोजन प्रसरण पावताना थंडगार होतो आणि थंडीने रबर कडक होऊन तडकतं; रिकामा फुगा तर एकदम फुलून तळाच्या तोंडात शिरतो आणि तिथे कापला जातो. थोडा भरला, सिलिंडर बंद केला, थांबला. सुई जरा हलून स्थिर झाली. पुन्हा थोडा. शेवटी फिरकी बंद केली, होजमधला गॅस ब्लीडने सोडला, मगच होज सोडवला. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही.

गेजवरचा आकडा मिस्त्री ‘किलो’त सांगतात. ‘पंचावन्न किलो’ म्हणजे चौरस सेंटिमीटरला पंचावन्न किलो. बार आणि किलो यांत दोन टक्क्यांचा फरक, तो चालून जातो. पीएसआयची गोष्ट वेगळी. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. दोन मापं छापलेल्या गेजवर चुकीचं वर्तुळ वाचलं की सगळं ओम्‌फस्‌.

नायट्रोजनच का, हवा का नाही, हा प्रश्न गाळ्यात येणारा प्रत्येक नवा पोरगा विचारत असणार. हवेत ऑक्सिजन आहे. फुग्याला चीर गेली की तेलाचे बारीक कण त्या हवेत मिसळतात, आणि ते मिश्रण एकदम दाबलं गेलं की डिझेल इंजिनात जे होतं तेच होतं: ठिणगीशिवाय पेट. शुद्ध ऑक्सिजन भरला तर दुर्घटना जवळपास ठरलेली. हा धोका पुस्तकी वाटेल, पण कुठल्याही साइटवर नजर टाका. सळया कापायला गॅस कटरचा सेट असतोच आणि त्याचा ऑक्सिजन सिलिंडर उंचीने, जाडीने, वजनाने नायट्रोजनच्या सिलिंडरसारखाच असतो. नायट्रोजन संपला आहे, गाडी उद्या येणार आहे, ठेकेदार फोनवर ओरडतो आहे. अशा वेळी ओळख पटवायला रंगच हाताशी असतो. आपल्याकडे कटिंगच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरचं अंग काळं. नायट्रोजनचं अंग करडं आणि मान काळी. सिमेंटच्या धुळीत दोन्ही सारखेच करडे दिसतात. तेव्हा धूळ पुसा, लेबल वाचा, आणि शंका असेल तर सिलिंडर परत पाठवा. रस्त्यावरच्या टायरवाल्याकडे मिळणारा नायट्रोजनही इथे कामाचा नाही. त्याचा दाब टायरपुरता असतो आणि त्यात ऑक्सिजनही थोडा उरलेला असतो.

चार्जिंग किट नसलेल्या माणसालाही प्रीचार्ज, म्हणजे तेल नसतानाचा गॅसचा दाब, अंदाजाने कळू शकतो, आणि मला ही युक्ती सगळ्यात आवडली. यंत्र चालवून बाटलीत तेल भरू द्यायचं, इंजिन बंद करायचं आणि तेलाचा ब्लीड व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून तेलाच्या गेजकडे बघत राहायचं. सुई सावकाश उतरत जाते, कारण मागे वायू तेलाला ढकलतो आहे. एका आकड्यावर आली की ती धपकन शून्यावर पडते. तो आकडा म्हणजे प्रीचार्ज. त्या क्षणी बाटलीतलं शेवटचं तेल बाहेर पडलेलं असतं आणि फुग्याला ढकलायला काहीच उरत नाही. सुई वरूनच थेट शून्यावर कोसळली, मध्ये कुठे रेंगाळलीच नाही, तर बाटलीत गॅस उरलेला नाही. सगळी तपासणी गॅसच्या बाजूला हात न लावता होते.

आता हेच सगळं टॉवरच्या तळघरात. घोडबंदरच्या उंच सोसायट्यांच्या पंपरूममध्ये निळी किंवा लाल फुगीर टाकी तुम्ही पाहिली असेल. तिला प्रेशर टँक म्हणतात. आत पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. इथे तेल नाही, त्यामुळे साधी हवा चालते. नळ उघडला की टाकी थोडा वेळ पाणी देते आणि पंपाला विश्रांती मिळते. टाकीतली हवा गेली की पंप दर काही सेकंदांनी चालू-बंद, चालू-बंद करायला लागतो. कॉन्टॅक्टर जळतात, विजेचं बिल वाढतं, वार्षिक सभेत सेक्रेटरीवर राळ उडते आणि शेवटी नवा पंप घेतला जातो. तो नवा पंपही तसाच टकटक करतो.

पंपरूममधली ठराविक चूक अशी: कोणीतरी सायकलवाल्यासारखं गेज टाकीच्या व्हॉल्व्हला लावतो, त्यात साडेतीन बार दिसतात आणि ‘हवा बरोबर आहे’ असा निर्वाळा मिळतो. टाकीत पाणी दाबाखाली आहे तोवर पडद्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच असतो, म्हणून गेज पाण्याचा दाब दाखवतं. हवा खरी किती आहे, हे टाकीतलं पाणी पूर्ण काढल्याशिवाय कळत नाही. पंपाची वीज बोर्डावरून बंद करायची, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पाणी सोडून दाब शून्य करायचा आणि मग मोजायचं. पंप तीन बारला सुरू होत असेल तर हवा त्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी, म्हणजे दोन पूर्णांक सात. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी उडालं तर पडदा फाटला आहे. मग हवा भरून काही साधत नाही. बूम प्लेसरच्या बाटलीची तपासणी नेमकी याच नियमाने चालते, फक्त तिथे पाण्याऐवजी तेल आहे आणि चूक झाली तर बिल वाढण्यावर भागत नाही.

एवढं सोपं काम असूनही ते होत का नाही? या प्रश्नाचं माझं उत्तर असं की गॅसच्या आकड्याला मालक नाही. घोडबंदरवरची बहुतेक यंत्रं भाड्याची. पोकलेन एकाचा, ब्रेकर कधी दुसऱ्याचा, ऑपरेटर तिसऱ्याने पाठवलेला, डिझेल ठेकेदाराचं, साइट बिल्डरची. भाडं तासावर. बाटली निवायची वाट बघण्यात गेलेला अर्धा तास कोणाच्या खात्यात टाकायचा, हे कोणीच ठरवलेलं नसतं. इंजिन ऑइलचे तास वहीत असतात, ग्रीसिंग असतं, नायट्रोजनची ओळ नसते. मेट्रो चारचे खांब इथे उभे राहिले, कासारवडवलीहून गायमुखपर्यंत मार्ग गेला, टिकुजीनीवाडीजवळ बोरिवलीकडच्या जुळ्या बोगद्याचं काम चाललं आहे. अशा मोठ्या कामांवर सुरक्षा अधिकारी असतात, तपासणीचे कागद असतात. त्यांच्या शेजारच्या प्लॉटवर तळघर खणणाऱ्या भाड्याच्या ब्रेकरला असा कोणी वाली नसतो.

कायदा नाही असं नाही. नायट्रोजनचा सिलिंडर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतो आणि ते बघणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. कारखान्यातल्या दाबाच्या यंत्रांसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३१ लिहिलं गेलं, बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा झाला. पण सिलिंडरमधला गॅस यंत्रात शिरला की तो रोजच्या नजरेआड होतो. तपासायला येणाऱ्या माणसाला बेल्ट दिसतो, हेल्मेट दिसतं, बाटलीतला दाब दिसत नाही. माझ्या मते याला नव्या नियमापेक्षा भाडेकरारात एक ओळ जास्त उपयोगी पडेल: यंत्र साइटवर येताना गॅसचा आकडा, तापमान, तारीख आणि मोजणाऱ्याची सही. आकडा नसेल तर यंत्र गेटबाहेर.

बाटलीचं आयुष्य संपल्यावरचा भाग याहून दुर्लक्षित आहे. जुना ब्रेकर किंवा पंप भंगारात निघाला की बाटलीही त्याच ढिगात जाते. तेल केव्हाच निथळलेलं, बाहेरून गंजलेली, त्यामुळे ती मेलेली समजली जाते. आतला फुगा शाबूत असेल तर नायट्रोजन पूर्ण दाबाने आत असतो. अशा बाटलीवर गॅस कटर चालवला की आतला वायू तापतो, कवच कमजोर होतं आणि बाटली फुटते. तिच्यावर वेल्डिंग करणं किंवा भोक पाडणंही तितकंच घातक. म्हणून ती विकण्याआधी ज्याच्याकडे चार्जिंग किट आहे त्याच्याकडून गॅस मोकळ्या हवेत हळूहळू सोडून घ्यायचा. बंद खोलीत सोडला तर नायट्रोजन तिथली प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस काही जाणवायच्या आत कोसळतो. गॅस गेला की गॅस व्हॉल्व्ह काढून टाकायचा, त्याचं भोक उघडं ठेवायचं आणि अंगावर ठळक रंगाने ‘रिकामी’ लिहायचं. भिवंडी-मुंब्र्याकडच्या भंगारवाल्याने व्हॉल्व्ह काढलेला दिसला नाही तर बाटली घेऊ नये. वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही हायड्रॉलिकवाल्याकडे ती नेली, तर एवढं काम एका चहाच्या वेळात होऊन जातं.